मनकर्णाबाईंच्या ओसरीवरचा वर्ग

सेनगावकडच्या त्या गावात बायकांचा वाचायचा वर्ग मारुतीच्या सभामंडपात भरायचा. सोयाबीन खुरपून आलेल्या बायका हातपाय धुऊन, देवापुढं दिवा लावून बसायच्या. अंगणवाडीच्या साधनाबाई त्यांना धडे वाचायला लावायच्या. मनकर्णाबाई सगळ्यांत थोरल्या. साठीला टेकलेल्या, पण अक्षरावर एकदा बोट ठेवलं की ते वाचल्याशिवाय उचलायच्या नाहीत.

एका सांजेला संगिता फुटलेला ओठ पदराखाली झाकून आली. मनकर्णाबाईंनी पुस्तक मिटलं.

"उठा गं. आज वर्ग संगिताच्या ओसरीवर."

साधनाबाई दचकल्या. "तिथं जाऊन काय करायचं, मावशी?"

"काय करायचं म्हंजे? वाचायचं. धडा राह्यलाय न्हवं आपला."

सगळ्या जणी जाऊन ओसरीवर मांडी घालून बसल्या. संगिताचा नवरा बालाजी आत जेवत होता. बायकांनी मोठ्यानं सुरू केलं, "पाणी गाळून प्या. पाणी उकळून प्या." शिवी नाही, भांडण नाही. त्याच्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. पण गल्ली गोळा झाली, आणि वर्ग आज इथं काहून बसलाय हे लहानथोरांना कळलं. बालाजी अर्ध्या ताटावरून उठला.

तिथून ती रीतच पडली. ज्या घरात हात उचलला जाई, तिथं त्या सांजेला वर्ग. पारावर गडी एकमेकांना चिडवायचे, "हळू बोल बाबा बायकोला, न्हाईतर पुस्तकं येतील." चिडवता चिडवता हात मात्र आवरू लागले. पोलिसाला न भिणारे लोक 'पाणी उकळून प्या'ला भिऊ लागले.

मनकर्णाबाईंच्या स्वतःच्या घरात मात्र निराळंच चाललं होतं.

हरीश त्यांचा एकुलता एक, हिंगोलीला राहून बी.ए. झालेला. सून कोमल, तिचं माहेर कुरुंद्याचं. तिच्या पाठीवरचे वळ मनकर्णाबाईंनी पाहिले होते, आपल्या हातानं शेकले होते. वर्गात मात्र सांगितलं, "कोमलला ताप हाय." पुढच्या वेळी सांगितलं, "पाय घसरला तिचा." देवापुढं हात जोडले तरी हरीश मारतो, तेवढं एक त्यांच्या तोंडून निघत नसे. पोरगं शिकलेलं आहे, त्याचं त्याला उमजेल, अशी त्या मनाची समजूत घालायच्या.

मग एक दिवस हरीशनं ढकललं आणि कोमल उंबऱ्यावर आपटली. कपाळ फुटलं. कडेवरचं लेकरू थोडक्यात वाचलं. मनकर्णाबाईंनी जखमेत हळद दाबली आणि तशाच मंडपात गेल्या.

"आज वर्ग माझ्या ओसरीवर."

कोणी उठेना. शेवटी संगिता बोलली, "मावशी, पोटचा हाय तुमच्या. उद्या म्हातारपणी त्याच्याच दारात बसायचंय तुमाला."

"ठावं हाय मला. उठ."

धडा मनकर्णाबाईंनीच धरला. बोट ओळीवरून घसरत होतं. हरीश मोबाइल हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"आई, हे काय लावून राहिली तू? कालपर्यंत अंगठा उठवत होतीस. आता मला शिकवतीस?"

"तुला काहून शिकवू? तू शिकलेलाच हायस. आमी आमचा धडा वाचून राहिलो."

गल्लीत बालाजी उभा होता. तो खुदकन हसला. ते हसू हरीशला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. गाडीला किक मारून तो निघून गेला.

बायका पांगल्यावर मनकर्णाबाई आत गेल्या. कोमल पिशवीत कपडे भरत होती.

"काहून गं माय? आता न्हाई उठायचा त्याचा हात. गावानं पाहिलंय."

"न्हाई उठायचा, आत्याबाई. म्हणूनच इचारते. संगिताक्काचा ओठ दिसला, त्याच सांजेला तुमी तिच्या ओसरीवर गेलात. माझी पाठ तर तुमी सवताच्या हातानं शेकली. मग माझ्यासाठी वर्ग आज काहून आला?"

मनकर्णाबाईंनी भुईवरचं लेकराचं झबलं उचलून तिच्या पिशवीत घातलं. सकाळी जीपपर्यंत पिशवी त्यांनीच उचलली. लेकराचा मुका घ्यायला त्या वाकल्या, तेवढ्यात कोमलनं त्याला पदराखाली घेतलं.

हरीश त्यांच्याशी बोलत नाही. वर्ग चालू आहे. गाव म्हणतं, मनकर्णाबाईंनी पोटच्या लेकाचीही गय केली नाही. त्या मान खाली घालून ऐकून घेतात. किती दिवस गय केली, हे एका कोमलला ठाऊक आहे, आणि ती कुरुंद्याला आहे.