रडायलाही जोर लागतो

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. यवतमाळच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिथे एक सिस्टर होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रक्त तपासायला टाचेला सुई टोचण्याआधी त्या बाळाचं डोकं आणि पाय तळव्यांत धरून थोडं थांबायच्या.

नवव्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. सुई टोचली, पण बाळ रडलं नाही.

"तिले दुखलंच नाही वाटते," मी म्हणालो.

"दुखते भाऊ. रडाले जोर लागते, तेवढा तिच्यापाशी नाही अजून. बोटं पाहा तिची."

इवलीशी बोटं ताणून फाकली होती. कपाळावर आठी होती, डोळे घट्ट मिटले होते आणि मशीनवर ठोके वाढत चालले होते.

"आता तुम्ही धरा तिले."

मी धरलं. ठोके उतरेपर्यंत सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या.

महिन्याभराने मुलगी आर्णीला घरी आली. सिस्टर पुन्हा भेटल्या नाहीत. पण त्या नवव्या दिवसाआधीचे आठ दिवस मला अजून सलतात. काचेबाहेरून पाहून मी रोज नातेवाइकांना फोनवर कौतुकाने सांगत होतो, "पोरगी मोठी हिंमतीची आहे, सुई टोचली तरी रडत नाही."