वाजवून घेतलेली छाती

माझे यजमान कॅश व्हॅनवर गार्ड आहेत. अंबड, वडीगोद्री आणि आसपासच्या एटीएममध्ये पैसे भरणारी गाडी असते, तिच्यात बंदूक घेऊन बसायचं, हे त्यांचं काम. मागच्या उन्हाळ्यात एजन्सीनं नवी बुलेटप्रूफ जाकिटं काढली. छातीच्या खिशात घालायच्या प्लेटा दोन तऱ्हेच्या होत्या. साहेबांनी दोन्ही घरी दिल्या आणि सांगितलं, घालून बघा, उद्या एक परत आणा.

आमचं घर हायवेला आहे, पुढच्या खोलीत माझं किराणा दुकान. उन्हाळ्यात दारात माठही विकायला ठेवते. त्यांनी प्लेटा काउंटरवर ठेवल्या आणि मी सवयीनं दोन्हींवर बोटाचं हाड आपटलं. पोलादाची टणकन वाजली. दुसरी चिनी मातीच्या जातीची, वरून कापड चिकटवलेली. ती टक् अशी कोरडी वाजली, चांगल्या भाजलेल्या माठासारखी.

"माठ घेऊन राह्यलीस का?"

"माठ बरा. गळला तर कळतो तरी."

पाठीमागचं वाचल्याशिवाय मी बिस्किटाचा पुडाही घेत नाही, म्हणून प्लेटा उलट्या केल्या. पोलादाची प्लेट पिस्तुलाची आणि साध्या रायफलीची गोळी अडवणार. दुसरी वरच्या लेव्हलची, कडक टोकाच्या गोळीलाही पुरणारी, शिवाय हलकी.

"अहो, कोयत्याची लेव्हल कोणती?" आमच्याकडे भांडणात आधी तोच निघतो.

"कोयतेवाला जवळ येईपर्यंत मी उभा राहीन का?"

"मंग गोळी येईपर्यंत राहणार का?"

तेवढ्यात दीर आले. ते जालन्यात सळईच्या कारखान्यात आहेत. जे जड ते चांगलं, मग ती प्लेट असो की सोयरीक, हा त्यांचा हिशेब. त्यांनी दोन्ही हातांत दोन प्लेटा तोलल्या.

"दादा, लोखंड ते लोखंड. ही दुसरी म्हणजे बशी."

"साहेब म्हणत होते, पोलादावर गोळी आदळली की तिचे तुकडे हनुवटीकडं उडतात. ही गोळीला फोडते आणि स्वतः तडकते."

"स्वतःच तडकती? मंग बिलकुल कामाची न्हाई. हे घ्या!"

असं म्हणून भाऊजींनी ती प्लेट खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडून दिली. ती कोपऱ्यावर आपटली. माझी फरशी फुटली, प्लेटीला मात्र काही झालेलं दिसलं नाही.

भाऊजींनी तिथल्या तिथं पक्ष बदलला. "वहिनी, माल बराबर हाय. दादा, हीच घ्या."

यजमानांची कंबर आधीपासूनच हलक्या प्लेटीच्या बाजूनं होती. दोघं खूष झाले, चहा मागितला. मी फुटलेली फरशी बघत प्लेट उचलली आणि परत वाजवली.

भद्द.

"तडकली," मी म्हटलं.

"कुठं? साधा ओरखडा न्हाई!"

"तडकलेला माठ बाहेरून चांगलाच दिसतो, भाऊजी. पाणी भरल्यावर रडतो."

यजमानांनी कान लावला. मी परत वाजवली. त्यांचा चेहरा उतरला.

भाऊजी हळूच म्हणाले, "मंग ही परत करा, पोलादाची ठेवा. कुणाला कळून राह्यलं?"

मोडतोड केली म्हणून ड्यूटीवरून काढतील, ही भीती मला यजमानांच्या तोंडावर दिसत होती. तरी मी विचारलं, "आणि ही कुणाच्या छातीवर जाईल?"

भाऊजी फरशीचे तुकडे गोळा करायला लागले.

"तुमच्या जोडीच्या गार्डच्या जाईल. तो रोज सकाळी इथं उभा राहून माझ्या हातचा चहा पितो. त्याला कपही मी वाजवून देते."

दुसऱ्या दिवशी दोघा भावांना पाठवलं. यजमानांना एकट्यानं जायचं होतं. मी म्हटलं, टाकली ज्यानं, सांगेल तोच. साहेबांनी भाऊजींना ऑफिसभर ऐकू जाईल असं झापलं आणि प्लेटीवर लाल रंगानं मोठी फुली मारली. यजमानांची ड्यूटी राहिली. त्यांना त्याच जातीची दुसरी प्लेट मिळाली. बाहेर येताना भाऊजी म्हणाले म्हणे, "मी आधीच म्हटलं होतं, बशी हाय."

आता ती नवी प्लेट रात्री आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर, गोधडीच्या घडीत असते. भाऊजी आले की तिच्याकडे पाठ करून बसतात. रोज सकाळी यजमान जाकीट घालून निघतात, तेव्हा मी त्यांच्या छातीवर बोटाचं हाड आपटते, कान देते आणि मगच सोडते. समोरची पंक्चरवाली म्हणते, "या वयात बी लई जीव हाय बाई तुमचा." तिला समजावत बसायला मला वेळ नसतो.

परवा माझ्याकडे गिऱ्हाईक होतं, म्हणून ते तसेच गेले. व्हॅन रस्त्याला लागली, थांबली. हॉर्नवर हॉर्न वाजत होते. यजमान बंदूक सावरत पळत परत आले आणि काउंटरपुढं छाती काढून उभे राहिले.

"वाजव जल्दी."

वाजवली. टक्. गेले.