माझी सही चालली नाही

मी वांग्यांना पाणी देत होते, हे ओसरीत लॅपटॉप घेऊन बसले होते. म्हणाले, "आता माझ्या सहीशिवाय हा कोणतीच सिस्टीम सुरू करणार नाही." मी म्हटलं, "म्हंजे तुमी याचे तलाठी झाले!"

हे जाऊन दोन वर्षं झाली. मी त्याच लॅपटॉपवर वाचते. फार हळू चालतो, म्हणून काल रिसोडला दुकानात नवीन सिस्टीम टाकायला दिला. दुकानातली शीतल म्हणाली, "काकू, नव्या सिस्टीमवर काकाची सही नाही, म्हणून लॅपटॉप सुरूच होऊन नाही राह्यला."

मी पिशवीतून वारस दाखला काढला. बँकेत माझी सही चालली होती.

"हातची सही नाही काकू. काकानं कॉम्प्युटरवर बनवलेली गुप्त किल्ली लागते, तिनंच ही सही होते. नाहीतर सहीची तपासणीच बंद करून देऊ का?"

किल्ली कुठे आहे, ते यांचं मला सांगायचं राहूनच गेलं.

"पण आतला प्रोग्राम तर सगळ्यांले खुला आहे म्हनत हे. मंग कुलूप कायले?"

"वाचाले खुला, काकू. या मशीनवर चालवाले सही लागते."

मला अजूनही नीट समजलेलं नाही. तपासणी बंद केली की कोणाचंही चालेल, मग यांची सही कुठे राहिली? तुम्ही काय केलं असतं?

आज सकाळी मी यांची सही असलेली जुनीच सिस्टीम परत टाकून घेतली. लॅपटॉप सुरू झाला.