प्लास्टिकमधली कार्डं

वणीजवळच्या कोळसा खाणीत काट्यावर ट्रकचं वजन करणारा धम्मरत्न सहा वर्षांपासून क्रिकेटपटूंची जुनी कार्डं जमवत होता. कोरी करकरीत परवडत नव्हती, म्हणून कोपरे जरा झिजलेलीच घ्यायची आणि पोरगी कॉलेजात गेली की विकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

आज ड्यूटीवरून दमून आला, तर बायकोनं, दीपमालानं, सगळी कार्डं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणलेली.

"आता कोळशाची धूळ लागत नाही यायले," ती म्हणाली.

प्लास्टिक चिकटवलेलं कार्ड बाजारात कोणी फुकटही घेत नाही, हे सांगायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"बरं केलं," म्हणत तो बूट काढायला बसला.

तिनं ती कार्डं जातीच्या दाखल्यांच्या फायलीत, सगळ्यात वर ठेवली.