हरकत न्हाय

जगात नाही म्हणता न येणारी माणसं पुष्कळ असतील, पण आमच्या मामेसासऱ्यांच्या पंगतीला त्यांतलं एकही बसणार नाही. शिवाजी पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर बारा महिने पीठ, आणि पट्ट्याच्या फटफटाटावर मात करून बोलायची सवय असल्यामुळे आवाज असा, की त्यांनी घरात चहा मागितला तर शेजारच्या घरात आधण चढायचं. या आवाजात ते कशालाही एकच उत्तर देत, "हरकत न्हाय." शेजाऱ्यानं विचारलं, जिन्याखाली शेळी बांधू का, तर हरकत न्हाय. पुढे शेळी जिना चढून माडीवर राहायला आली, तरी हरकत न्हाय. कोडोलीच्या एका पाहुण्यानं स्टँडपर्यंत जायला म्हणून त्यांची सायकल नेली, ती थेट कोडोलीला पोचली. तिकडून निरोप आला, सुगी होईपर्यंत राहू दे का? मामा सुगी होईपर्यंत पायी फिरले. माझ्या लग्नाच्या बैठकीत माझ्या नोकरीचा विषय निघाला आणि सगळे एकदम गप्प झाले. तेवढ्यात चिवडा खाता खाता मामा मोठ्यानं "हरकत न्हाय" म्हणाले आणि लग्न ठरलं. ते नेमकं कशाला म्हणाले हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्यांना कुणीतरी आणखी चिवडा विचारला असावा. मामी म्हणायच्या, "उद्या यम आला आणि नेऊ का म्हणाला, तर ह्यांचं उत्तर मला आत्ताच ठावं हाय."

या माणसाचा आयुष्यात एकच हट्ट होता. गिरणी उघडण्याआधी रोज सकाळी पेठेमागच्या ओढ्याकाठच्या बनात जाऊन बसायचं. उंबर, करंज, जांभूळ, चिंच अशी जुनी, दाट झाडी. तिथं एका उंबराखाली ते डोळे मिटून बसत आणि चक्क गप्प असत. सत्तरच्या दशकात एके दिवशी बातमी आली की शहराच्या नकाशात हे बन हिरव्या रंगात आहे, ते पिवळ्यात घालून तिथं घरांचे प्लॉट पाडायचे आहेत, आणि कुणाची हरकत असेल तर त्यानं कचेरीत येऊन सांगावं. मामांनी हरकत घ्यायची ठरवली. पेठेत आधी हसू फुटलं, पण मामा हटले नाहीत. गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला ते बनाचं सांगू लागले, आणि गिरणीत कुजबुजता येत नसल्यामुळे आमच्या चळवळीत गुप्त असं काही राहिलंच नाही.

सुनावणीच्या दिवशी मामांनी गिरणीला पाटी लावली, "आज बंद. मालक कचेरीत." झालं, दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन तशाच कचेरीत हजर झाल्या. त्यांना शोधत घरची माणसं आली, आणि पेठच तिथं लोटली. साहेबांनी ज्वारी-गव्हाच्या डब्यांकडे एकवार पाहिलं, प्रस्ताव भराभर वाचला आणि मामांना म्हणाले, "मग, सुरुवात करू या?"

"हरकत न्हाय," मामा म्हणाले.

कारकुनानं लगेच लिहून घेतलं. बायकांच्या हातातले डबे खडखडले.

"म्हणजे तुमची हरकत नाही?" साहेब म्हणाले.

"न्हाय न्हाय. हरकत न्हाय, असं न्हाय."

"मग काय लिहू?" कारकून रडकुंडीला आला.

मागून मामी म्हणाल्या, "हाय म्हणून लिवा."

"ते त्यांनी स्वतः सांगायला हवं," साहेब म्हणाले.

मामांना दरदरून घाम फुटला. मग गिरणीतला आवाज निघाला, "हाय. हरकत हाय. दिसभर गिरणीत माझं कान जात्यात सायेब. सकाळी बनात बसलो, पाखरं बोलाय लागली, की परत येत्यात. तिथं घरं बांधली तर मी कान आणू कुठनं?" कुणीच हसलं नाही.

बन हिरवंच राहिलं. मामांच्या कानांमुळे राहिलं की बायकांच्या डब्यांमुळे, ते साहेबच जाणोत. मामांना मात्र त्या नव्या शब्दाची चटक लागली. शेळीला हरकत, सायकलीला हरकत, शेवटी आमटीला हरकत घेतली तेव्हा मामींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या दिवसापासून पुन्हा हरकत न्हाय.

बन वाचलं, पण कान काही वाचले नाहीत. म्हातारपणी गिरणीनं ते नेलेच. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार पोचायचं, पाखरं कुठली पोचायला? तरी मामा रोज बनात जायचे, आणि हाताला धरून न्यायला मी असायचो. एकदा मी ओरडून विचारलं, "मामा, आता इथं कशाला यायचं?"

"तुमी ऐका की, पावणं. मला नुस्तं सांगा, कोण बोलतंय."

मला कावळ्यापलीकडे पक्षी ओळखता येत नव्हता, ते त्यांच्यापायी शिकावं लागलं. मी कानाशी ओरडायचो, "भारद्वाज." ते डोळे मिटूनच मान डोलवत आणि म्हणत, "हरकत न्हाय."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. उंबर आहे, मीही सकाळी जाऊन बसतो. भारद्वाज घुमला की अजून मोठ्यानं सांगतो, त्यामुळे शेजारी बसलेली माणसं दचकतात. सांगून झालं की मी उगाचच थोडा वेळ थांबतो.