खुर्चीवाल्यांच्या बाई

कराडजवळच्या एका हायस्कुलात मी इतिहास शिकवायची, आणि गेल्या शतकातले अमेरिकेचे पुढारी हा माझा हातखंडा विषय होता. पुस्तकात त्यांच्यावर जेमतेम चार ओळी असत. मी त्यावर इतकी बोलायची की पुढच्या तासाच्या बाई दाराशी येऊन घसा खाकरायच्या. ती लांबलचक नावं आमच्या पोरांच्या जिभेला पेलायची नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला टोपणनाव देऊन टाकलं होतं. पोलिओने पाय गेले तरी मंदीत आणि महायुद्धात देश हाकणारे ते खुर्चीवाले. उघड्या मोटारीत गोळी लागून गेलेले ते मोटारवाले. आपल्याच कचेरीत टेप लावून ठेवून त्याच टेपांपायी पायउतार झालेले ते टेपवाले. सिनेमावाले होते, शेंगावालेही होते. शेंगावाले पोरांना सगळ्यात जवळचे, कारण निम्म्यांच्या घरी भुईमूग असायचा. पेपरातही पोरं तसंच लिहून यायची आणि मी मार्क द्यायची. तपासणीला आलेले साहेब एकदा त्यावरून चांगलेच उखडले. मी त्यांना चहा पाजला आणि टोपणनावं चालूच ठेवली.

निवृत्त झाले, मग हे गेले, आणि लेकाने मला सौदीतल्या अल-खोबरला आणलं. तो इथे इंजिनिअर आहे. सून एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. दोघं उजाडता उजाडता बाहेर पडतात. आठवीतली नात त्यांच्याआधी शाळेच्या बसमध्ये बसते. मग सातव्या मजल्यावर मी, एसी आणि बंद काचेपलीकडचा समुद्र. त्या समुद्राचा आवाजसुद्धा वर येत नाही. लिफ्टमध्ये बायका भेटतात, केरळच्या, हैदराबादच्या, इजिप्तच्या. गोड हसतात. माझं हिंदी म्हणजे हेल काढून बोललेलं मराठी, त्यामुळे मीही हसते आणि विषय संपतो. दिवसभरात माझा आवाज मला ऐकू यायचा तो देवापुढे स्तोत्र म्हणताना तेवढा. मला फार एकटं वाटायचं. लेकाला सांगितलं की तो म्हणायचा, "आई, टीव्ही लाव ना. सगळी मराठी चॅनेलं घेतलीयत तुझ्यासाठी." जणू मी चॅनेलांशी गप्पा मारणार होते.

नात दुपारी यायची. मी ताट वाढायची, ती मोबाइलकडे बघत जेवायची. "शाळा कशी झाली गं?" "फाइन." "भाजी आवडली?" "हं." मग खोलीचं दार बंद, कानांवर हेडफोन. वाईट वागायची असं मुळीच नाही, उलट गुणाची पोर. पण तिचं आईशी इंग्रजी, मैत्रिणींशी हिंदी आणि माझ्याशी 'फाइन' आणि 'हं'.

माझा व्हिसा पाहुणीचा. वर्षभराचा असला तरी दर तीन महिन्यांनी देशाबाहेर पाऊल टाकून यावं लागतं. इथली सगळी कुटुंबं त्यासाठी आईवडिलांना गाडीत घालतात, समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून बहारीनला नेतात, तिथे चहा पाजतात आणि वळवून परत आणतात. शिक्का बसला की पुढचे तीन महिने निश्चिंती. माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. तिसरीच्या आधी मी लेकाला निक्षून सांगितलं, "या खेपेला पूल नको. मला सरळ विमानात बसव. गावाकडे निदान भाजीवाली तरी भांडते माझ्याशी." तो हिरमुसला, पण बघू म्हणाला.

त्याच आठवड्यात नात शाळेतून तणतणत आली आणि आईला फोन लावून इंग्रजीत काहीतरी गाऱ्हाणं सांगू लागली. मी पोळ्या लाटत होते. त्या सगळ्या इंग्रजीत मला एकच नाव स्वच्छ ऐकू आलं, खुर्चीवाल्यांच्या बायकोचं. माझं लाटणं थांबलं. चौकशी केल्यावर कळलं की शाळेत कार्यक्रम होता. प्रत्येकाने अमेरिकेतल्या एका पुढाऱ्याचा वेश करून, तो पुढारी होऊन बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या, मैत्रिणीला मोटारवाले आले आणि हिला या बाई.

"शी वॉज नॉट इव्हन प्रेसिडेंट," नात म्हणाली. "जस्ट वाइफ."

"जस्ट वाइफ?" माझ्यातली बाई जागी झाली. "अगं, नवरा खुर्चीत बसून होता तेव्हा ही बया खाणीत उतरत होती, इस्पितळं पालथी घालत होती, रणांगणावरच्या सैनिकांना भेटून येत होती. रोज वर्तमानपत्रात लिहीत होती. नवरा गेल्यावर साऱ्या जगासाठी माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा करायला बसली. मी सांगते तुला सगळं."

"इट्स ओके आजी, आय विल गूगल."

ती खोलीकडे निघाली. मी मागून म्हटलं, "तिची सख्खी आई तिला काय हाक मारायची ठाऊक आहे? आजी!"

नात थांबली. "व्हॉट?"

"एवढीशी असल्यापासून. दिसायला साधी, लाजाळू, सदा गंभीर तोंड करून उभी. आई देखणी होती, तिला लाज वाटायची लेकीची. मग आई गेली, पाठोपाठ बापही गेला, आणि आजीनेच वाढवलं तिला."

नातीने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खुर्ची ओढली.

त्यानंतरच्या दुपारी मी आजही आठवून आठवून जगते. ती जेवता जेवता विचारायची, मी सांगायची. मराठीत अडलं की मी हातवारे करायची, इंग्रजीत अडलं की ती. खुर्चीवाले युद्धनौकेवर इथल्या राजाला भेटले होते, राजा बोटीवर मेंढ्या घेऊन आला होता, आणि राजाचेही पाय दुखरे म्हणून खुर्चीवाल्यांनी आपली एक चाकांची खुर्ची त्याला भेट दिली, हे ऐकून तर ती उडालीच. "आपल्या किंगला?" तिने विचारलं. आपल्या, म्हणजे इथल्या. ती इथेच जन्मली, तिचा राजा हाच.

भाषण बसवायची वेळ आली तेव्हा मात्र आमचं वाजलं. मी तिला आमच्या वक्तृत्व स्पर्धेच्या रीतीने उभं केलं. दोन पावलं पुढे, उजवा हात वर, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो!" तिने त्याचं इंग्रजी केलं आणि पोट धरून सोफ्यावर लोळली.

"आजी, नोबडी टॉक्स लाइक दॅट! सब हसेंगे."

"आमच्याकडे ढाली जिंकायची मुलं याच्यावर."

शेवटी तह झाला. बालमित्र गेले, हातवारे गेले. मागच्या बाकावरच्या पोराकडे बघून सावकाश बोलायचं, एवढं मात्र तिने घेतलं. सुनेचा लांब कोट काढला, माझा मोत्यांचा सर तिच्या गळ्यात घालून बघितला. आरशात तिच्यामागे मी उभी होते. "आजी, यू आर कमिंग, ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, पहिल्या रांगेत बसणार. त्या दिवशी लेकाने विमानाच्या तिकिटाचं विचारलं तर मी म्हटलं, "राहू दे रे. तिचं नंतर भूगोलाचं काहीतरी आहे म्हणे." तो नुसता हसला. मला राहायचं होतं. कुणीतरी मला काही विचारत होतं, मला आणखी काही नको होतं.

कार्यक्रम गुरुवारी सकाळी. बुधवारी संध्याकाळी लेक कामावरून आला तो फोनकडे बघतच, आणि दारातच मटकन बसला. त्याने माझे तीन महिने इंग्रजी कॅलेंडरवर मोजले होते. सरकारी हिशेबात तारीख हिजरी, आणि ते महिने आखूड. मुदत गुरुवारीच संपत होती. इथल्या आपल्या लोकांच्या हातून ही चूक कधी ना कधी होतेच, पण एकदा दिवस टळला की दंड आणि पुढच्या व्हिसाला खोडा.

"कार्यक्रम झाल्यावर गेलो तर?" सुनेने विचारलं.

"गुरुवारी दुपारनंतर आठवड्याची सुट्टी लागते, अर्धं शहर त्या पुलावर असतं. अडकलो तर संपलं."

आत्ता जावं तर बहारीनचा ऑनलाइन परवाना सकाळशिवाय हाती येणार नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आठवड्यापूर्वी मी म्हटलं असतं, बरं झालं, आणा तिकीट. आता म्हटलं, "सकाळी जाऊ. शिक्का मारून येऊ."

नातीला मी सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके. ममा व्हिडिओ पाठवेल." मी तिला पुन्हा एकदा मागच्या बाकाची आठवण केली.

सकाळी पुलावर ऊन नुसतं चकाकत होतं. आम्ही पलीकडे गेलो, चहा घेतला, वळलो. परतीच्या वाटेवर पुलाच्या मधल्या बेटावर, पासपोर्ट तपासणीच्या नाक्याशी, गाड्यांची रांग लागलेली. तिथे सुनेचा व्हिडिओ आला. लेकाने फोन माझ्या हातात दिला.

माझी नात व्यासपीठावर उभी होती. कोट, मोत्यांचा सर, केस मागे बांधलेले. हात जागच्या जागी. ती सावकाश बोलत होती आणि तिची नजर अगदी मागे होती. बोलणं सगळं इंग्रजीत, मला शब्द फारसे कळत नव्हते, पण कुठे काय चाललंय ते सगळं कळत होतं. इथे आई गेली. इथे खाण. इथे ती थांबली, म्हणजे नवरा गेला. चाकांच्या खुर्चीची गोष्ट आली तेव्हा पोरं हसली आणि मग टाळ्या वाजल्या. माझे डोळे भरून आले. लेकानेही नाक ओढलं.

भाषण संपलं. मुख्याध्यापिका माइकजवळ आल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. लेक म्हणाला, "विचारतायत, हे सगळं तुला कुणी सांगितलं." मी फोन जरा जवळ घेतला.

नात हसली. मोत्यांना हात लावून म्हणाली, "माय ग्रँडमदर. शी वॉज अ हिस्टरी टीचर. शी लिव्हज इन इंडिया."

पुन्हा टाळ्या. व्हिडिओ तिथे संपला.

लेकाने घाईघाईने तोंड उघडलं. "आई, म्हणजे तसं नाही गं. तिला म्हणायचं होतं की..."

"कळलं मला," मी म्हटलं. "तेवढं इंग्रजी येतं."

पुढची गाडी सरकली. आमची खिडकीशी पोचली. आतल्या तरुण अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लेकाला विचारलं, "व्हिजिट?"

लेक समोरच बघत राहिला. त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. मग मीच पुढे वाकले आणि म्हटलं, "हो, व्हिजिट."