मावशीची जांभळी

रोपाला हात लावण्याआधी मावशी दोन्ही हात पाण्यात बुडवायची. "तापल्या हातानं रोपाले पोळते," म्हणायची.

मी रिसोडला मास्तर होतो तेव्हाची, इंग्रजी अमदानीतली ही गोष्ट. माझ्या खोलीला लागूनच तिचा वांगी-मेथीचा मळा. एकटीच राहायची. डाक बंगल्यावर भाजी द्यायला गेली असता खानसाम्यानं तिला कुंडीतली एक मोडकी फांदी दिली. चौकोनी देठ; पानं वरून हिरवी, खालून जांभळी. "इकडच्या उन्हात जगायची नाही," असंही सांगितलं.

मावशीनं तिचे तीन तुकडे मळ्यातल्या आंब्याखाली लावले. दोन सडले. "काळी माती पाणी धरून राह्यली," म्हणत तिनं नदीची वाळू डोक्यावरून आणली आणि तिसरा तुकडा त्यात लावला. तो जगला. मग शेंडे खुडायचे, खुडलेले पुन्हा लावायचे, असं करत दोन वर्षांत आंब्याखाली तिनं बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

नाव ठेवलं जांभळी तुळस. देवळातले भटजी रागावले, "हिला तुळस म्हणू नये!"

"बरं, मंग तिची बहीन म्हना."

पुढच्या चैत्रात वादळानं आंबा मुळासकट रस्त्याकडे आडवा झाला. सकाळी रोपांवर सरळ ऊन आलं आणि त्यांनी माना टाकल्या. मी शाळेतून आलो तर मावशी आपल्याच झोपडीचं छप्पर उतरवत होती. त्या गवताचा, तुराट्यांचा मांडव तिनं रोपांवर घातला.

"मावशी, तुम्ही कुठं राहाल?"

"मले पाय हायेत, मास्तर. मी सावलीत जाऊन बसीन. रोपानं कुठं जावं?"

माझ्या ओसरीवर या म्हटलं, आली नाही. सारा उन्हाळा समोरच्या निंबाखाली काढला. पावसाच्या तोंडावर आम्ही शेजाऱ्यांनी तिला नवं छप्पर घालून दिलं. जुनं रोपांवरच राहिलं.

कार्तिकात ती हिवतापानं अंथरुणाला खिळली आणि त्याच दिवसांत जांभळी तुळस फुलली. तुम्ही पाहायला हवं होतं! मांडवाखाली तुरेच तुरे, पान दिसेना. आम्ही चौघांनी तिची बाज उचलून तिथं नेली.  ती हळूच म्हणाली, "मास्तर, हे इतकं माह्या हातून झालं?"



आठवड्यानं ती गेली. फुलं पुढं महिनाभर टिकली. बाजाराला येणाऱ्या बैलगाड्या कुंपणापाशी थांबत, आणि एरवी मोठ्यानं बोलणारी आमची माणसं तिथं आपोआप आवाज खाली आणत.